हजेरीपटावर नाव, आणि मन कोठे?



पावसाळ्याचे दिवस होते. टोंकखुर्दच्या शिवारात सोयाबीन गुडघ्याएवढे झाले होते आणि दिवसभर झड लागून राहिली होती. अशा एका संध्याकाळी देवासहून येणाऱ्या बसमधून उतरून एक गृहस्थ घरी न जाता थेट आमच्या ओट्यावर येऊन बसले. वय पंचेचाळीसच्या आसपास. देवासला यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात ते पाळीचे सुपरवायझर आहेत. हाताखाली तीस माणसे. छत्री मिटवून कोपऱ्यात ठेवीत ते म्हणाले, "फादर, माझी माणसे कामावर येतात, पण मन घरी ठेवून येतात. काय करावे ते सांगा."

हे बोलणे पापनिवेदनातील नव्हे, ओट्यावरचे होते. नाव-गाव न सांगण्याच्या अटीवर ते येथे लिहिण्यास त्यांनी संमती दिली आहे. असा प्रश्न पडलेले ते एकटेच नाहीत, म्हणून आजचे सदर त्यांच्या प्रश्नाला दिले आहे.

त्यांनी सांगितलेली लक्षणे अशी : खाडे वाढले आहेत. सोमवारी तीसपैकी सहा-सात जणांच्या जागा रिकाम्या असतात. तयार माल गिऱ्हाइकाकडून परत येतो. चांगले दोन कारागीर नोकरी सोडून पीथमपूरला गेले. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे कोणी भांडत नाही. "पूर्वी माणसे भांडत तरी होती," ते म्हणाले, "आता सांगितले की मान हलवितात आणि करावयाचे ते करीत नाहीत."

मालकांनी उपाय केले नाहीत असे नाही. आधी दारात अंगठ्याचे यंत्र बसविले आणि उशिरा येणाऱ्याचा अर्धा दिवस कापण्याची नोटीस लावली. ते लागू पडेना तेव्हा दिवाळीला लाडवांचे डबे वाटले. मग इंदूरहून एक व्याख्याते आणून उत्साह ह्या विषयावर दोन तास भाषण करविले. "लाडू खाल्ले, टाळ्या वाजविल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

आम्ही त्यांना एवढेच विचारले, "हे केव्हापासून सुरू झाले?"

ते बराच वेळ पावसाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "मागच्या वर्षी उन्हाळ्यात ठेकेदाराकडच्या एका पोराची दोन बोटे प्रेसमध्ये सापडली. आम्ही त्याला ताबडतोब दवाखान्यात नेले. पण त्या दिवशी त्याची हजेरी अर्धी लागली, आणि पुढचे दिवस खाडे म्हणून लागले. ठेकेदाराने त्याचे नाव विमा योजनेत घातलेच नव्हते. त्या हजेरीपटावर सही माझी आहे, फादर."

वाचकहो, दुखणे कोठे आहे हे त्यांना आमच्याकडे येण्यापूर्वीच ठाऊक होते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? तीस माणसांनी ती सही पाहिली होती. उद्या आपले बोट सापडले तर आपल्या नावापुढे काय लागेल हे प्रत्येकाला त्या दिवशी कळले. त्यानंतर लाडवांचा डबा घरी जाऊन उपयोग काय?

ज्याला आपण नीतिधैर्य म्हणतो ते आनंदीपणाहून निराळे आहे. हसतखेळत गप्पा मारणारी माणसे कामात कुचराई करताना दिसतात, आणि गंभीर चेहऱ्याची माणसे कामात जीव ओततात. नीतिधैर्य म्हणजे एक विश्वास : आपण जे करतो त्याला काही अर्थ आहे, ज्याच्या हाताखाली आपण करतो तो आपल्याशी खरेपणाने वागेल, आणि आपल्यावर वेळ आली तर आपल्याला वाऱ्यावर सोडले जाणार नाही. ह्या तिन्हींपैकी एक तुटले की माणूस शरीराने येतो आणि मनाने येत नाही. असे मन दंडाने परत येत नाही, कारण तुटलेला विश्वास दंडाने अधिकच तुटतो. ते बक्षिसानेही परत येत नाही, कारण ज्याच्यावर विश्वास नाही त्याचे बक्षीसही लाच वाटते.

ह्या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचे पहिले पान आपल्या नागपुरातले आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी तेथे एम्प्रेस मिल सुरू केली. जवळ वऱ्हाडचा कापूस, हाताशी रेल्वे, म्हणून त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडले. पैसा मागावयास गेले तेव्हा एका मारवाडी सावकाराने, हे तर सोने जमिनीत पुरणे झाले, असे म्हणून नकार दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. आरंभ कठीणच गेला. पहिली यंत्रे हलक्या प्रतीची निघाली, भागांची किंमत घसरली. त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता रेल्वेच्या मालखात्यातून आलेले. कापडाच्या धंद्याची त्यांना माहिती नव्हती, पण माणसे ओळखण्याची हातोटी होती.

त्या दोघांपुढे जी अडचण उभी राहिली ती आमच्या सुपरवायझरांचीच. कोणत्याही दिवशी पाहावे तो पाचांतला एक कामगार गैरहजर. एखादा सण आला, घरी पाहुणा आला, शेतीचे काम निघाले की माणूस गिरणीकडे फिरकत नसे. इतर कोणी मालक असता तर त्याने ह्यावर नागपूरची माणसे आळशी असा शिक्का मारला असता आणि दंडाचा आकडा वाढविला असता. जमशेटजींनी प्रश्न उलटा केला. ह्या माणसाने रोज यावे असे त्याला वाटण्याजोगे आपण काय दिले आहे? त्याचे हातपाय थकल्यावर त्याचे काय होणार? तो जायबंदी झाला तर त्याच्या बायकामुलांनी काय खावे?

मग त्यांनी एकेका प्रश्नाचे उत्तर दिले. १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला. १८९५ पासून अपघातात सापडलेल्यांना नुकसानभरपाई देण्यास आरंभ केला. गिरणीतील कोंदट हवेसाठी आर्द्रता राखणारी यंत्रे बसविली, आग विझविणारे पाण्याचे फवारे बसविले. मन लावून काम करणाऱ्यांचा वर्षातून एकदा सर्वांसमक्ष गौरव होई. घड्याळे, साखळ्या, कापडाचे गठ्ठे बक्षीस मिळत. खेळांचे सामने होत. कामगारांचे आरोग्य व कल्याण हा आपल्या भरभराटीचा पाया आहे, असे ते भागधारकांसमोर उघडपणे बोलत असत. हळूहळू खाड्यांची तक्रार मिटली आणि गिरणी भरभराटीस आली. नकार देणाऱ्या त्या सावकाराने पुढे कबूल केले की टाटांनी सोने पुरले नाही, त्यांनी माती घालून सोने काढले.

तारखांकडे लक्ष द्यावे. अपघाताच्या भरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला, कर्मचारी राज्य विम्याचा १९४८ साली आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ साली. नागपूरच्या गिरणीने ह्या गोष्टी कायद्याची वाट न पाहता केल्या. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बक्षिसांचा समारंभ तेथेही होता, आमच्या सुपरवायझरांच्या कारखान्यातही लाडू होतेच. फरक असा की तेथे घड्याळामागे निवृत्तिवेतनाचा निधी उभा होता आणि येथे लाडवामागे त्या पोराचे खाडे उभे होते. ती गिरणी आज नाही. ह्या शतकाच्या आरंभी ती बंद पडली आणि तिच्या जागेवर आता बाजारसंकुल उभे आहे. पण तिने शिकविलेला धडा बंद पडलेला नाही.

परंतु सर्वच मालक जमशेटजी नव्हते, आणि कामगार नुसते वाट पाहत बसले होते असेही नाही. महात्मा फुले ह्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्यांचा एक अर्ज तयार केला. त्या मागण्या आज वाचल्या तर मन थक्क होते : आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पगार मिळावा. सुटीची मागणी पदरात पडावयास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ ह्यांनी श्रमिकांच्या प्रश्नावर आपले जे परिपत्र काढले, त्यातही न्याय्य वेतन, विश्रांती आणि कामगारांचा संघटित होण्याचा हक्क ह्याच गोष्टी आहेत. रोम आणि मुंबई एकमेकांपासून कितीही दूर असोत, थकलेल्या माणसाची गरज दोन्ही ठिकाणी एकच.

लोखंड्यांच्या त्या शेवटच्या मागणीपाशी आमचे सुपरवायझर थांबले. "म्हणजे १८८४ साली जे मागितले होते, तेच मी त्या पोराला दिले नाही," ते म्हणाले. आम्ही काही बोललो नाही. काही वाक्यांना उत्तर द्यावयाचे नसते.

आता प्रश्न असा की वेतन, विमा, विश्रांती हे सारे दिले म्हणजे मन आपोआप परत येते का? तेही पुरे पडत नाही. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथे टेलिफोनची सामग्री बनविणारा एक प्रचंड कारखाना होता. १९२४ पासून तेथे प्रयोग सुरू झाले. दिव्यांचा प्रकाश वाढविला तर काम वाढते का, हे पाहावयाचे होते. प्रकाश वाढविला, काम वाढले. मग कमी केला, तरीही काम फारसे घटले नाही! पुढे काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवून त्यांच्या विश्रांतीच्या व कामाच्या वेळा बदलून पाहिल्या. तेथेही काम वाढतच गेले. एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यातून असा निष्कर्ष काढला की आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, आपल्याला कोणी विचारीत आहे, ह्या जाणिवेने माणसाचे काम बदलते. ह्या प्रयोगांच्या पद्धतीवर पुढील अभ्यासकांनी पुष्कळ आक्षेप घेतले आहेत आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. परंतु त्याच कारखान्यात पुढे वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, आणि तेथे एक साधी गोष्ट दिसून आली. ठरलेले प्रश्न विचारले तर लोक मोजके बोलतात. त्यांना मोकळे बोलू दिले, मध्ये तोडले नाही, तर आतले बाहेर येते, आणि पुष्कळांचा भार नुसत्या बोलण्यानेच हलका होतो.

आपल्याकडचा एक प्रयोग ह्याहून बोधप्रद आहे. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत नवे स्वयंचलित माग आणले गेले. यंत्रे उत्तम, तरी अपेक्षेप्रमाणे कापड निघेना आणि खराब मालाचे प्रमाण कमी होईना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे आले. त्यांनी पाहिले की काम बारीक तुकड्यांत वाटलेले आहे. कोणी फक्त तुटलेला धागा जोडतो, कोणी फक्त बाबिणी भरतो, कोणी तेल घालतो, कोणी झाडतो, आणि प्रत्येक जण कितीतरी मागांवरून फिरतो. अमुक माग माझा, असे म्हणणारा एकही माणूस नाही. त्यांनी सुचविले की सात-सात माणसांसारखे लहान गट करावे आणि प्रत्येक गटाकडे काही माग संपूर्ण सोपवावे. ही कल्पना कामगारांनी आणि मुकादमांनी अशी उचलली की कोणाच्या गटात कोण हे त्यांनी आपसांत ठरवून टाकले. आरंभी काही अडचणी आल्या, त्या दूर झाल्यावर उत्पादन वाढले आणि खराब कापड घटले. यंत्रे तीच, माणसे तीच. बदलली ती फक्त 'हे आमचे' ही भावना.

अमेरिकेतील फ्रेडरिक हर्झबर्ग ह्यांनी १९५९ साली सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस ह्यांच्या मुलाखतींवर आधारलेला जो सिद्धान्त मांडला, तोही ह्याच वाटेने जातो. त्यांच्या मते पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक ह्या गोष्टी बिघडल्या की माणूस असंतुष्ट होतो, पण त्या नुसत्या सुधारल्याने तो कामात रमतो असे नाही. रमण्यासाठी काही करून दाखविल्याचे समाधान, त्याची दखल आणि जबाबदारी लागते. आमच्या आजीच्या भाषेत सांगावयाचे तर काटा काढल्याशिवाय चालता येत नाही, पण काटा काढला म्हणजे माणूस कोठे निघाला आहे हे ठरत नाही.

येथे कोणी म्हणेल की वरिष्ठाने हाताखालच्यांवर प्रेम केले की झाले. ह्याविषयी आपल्या देवासचाच इतिहास सावध करतो. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार, तिसरे, हे अत्यंत लोभस पुरुष होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली त्यांचे खाजगी चिटणीस म्हणून येथे काही महिने राहिले आणि त्यांच्या मायाळूपणाने कायमचे भारावून गेले. पुढे १९५३ साली त्यांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. पण त्या पुस्तकातही दरबारच्या कारभाराचा गोंधळ लपत नाही. खजिना रिता होत गेला, आणि १९३३ साली महाराजांना राज्य सोडून पाँडिचेरीला जावे लागले. १९३७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. राजाच्या मनात माया होती, पण दप्तरात शिस्त नव्हती. म्हणून नुसते प्रेम पुरत नाही. हाताखालच्या माणसाला माया लागते आणि हिशेबही लागतो. पगाराच्या तारखेला पगार, हा मायेचाच एक प्रकार होय.

ह्याच्या उलट उदाहरण ज्यांचे, त्यांच्या नावाचा पंपांचा कारखाना देवासला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर आपला कारखाना व वसाहत वसविली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्याच्यावर गावाने कधी विश्वास टाकला नाही त्याच्या हाती किल्ल्या दिल्या. ते भोळे होते म्हणून नव्हे. वसाहतीत कामाची, स्वच्छतेची शिस्त मोठी होती आणि अस्पृश्यतेला तेथे थारा नव्हता. विश्वास आणि शिस्त एकमेकींच्या वैरिणी नाहीत, हे त्यांनी करून दाखविले.

असो. आमच्या पाहुण्यांनी शेवटी विचारले, "पण फादर, मी मालक नाही. पगार वाढविणे माझ्या हातात नाही. मी काय करावे?" आम्ही त्यांना जे सुचविले ते येथे क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पाया न भरता भिंत उभारली तर ती पडते.

पहिली गोष्ट, जी चूक आपली आहे ती आपल्या तोंडाने मान्य करावी, आणि ज्यांनी ती पाहिली त्यांच्यासमोर मान्य करावी. वड्याचे तेल वांग्यावर काढू नये. ठेकेदाराचा दोष ठेकेदाराचा, पण सही आपली. आपण नमलो तर वचक जाईल अशी भीती वरिष्ठांना वाटते. वास्तविक चूक सर्वांना ठाऊक असते. ती आपल्यालाही ठाऊक आहे की नाही, एवढेच लोकांना पाहावयाचे असते.

दुसरी, ज्याचे नुकसान झाले त्याचे आधी भरून द्यावे. बाकी सर्व त्यानंतर. त्या मुलाचे बुडालेले दिवस आणि विम्यातील नोंद ह्यांसाठी मालकांकडे जावे. जाताना गाऱ्हाणे घेऊन जाऊ नये, हिशेब घेऊन जावे. परत आलेला माल किती, सोमवारचे खाडे किती, गेलेल्या दोन कारागिरांच्या जागी नवी माणसे शिकविण्यास किती महिने लागले, ह्याची मांडणी कागदावर करावी. मालकाचे मन दगडाचे असते असे नाही, पुष्कळदा त्याच्यापर्यंत आकडा पोचलेलाच नसतो. मात्र ह्या मुलाला जे द्यावयाचे ते उपकार म्हणून मागू नये. ते त्याचे आहे.

तिसरी, माणसांशी एकेकट्याने बोलावे, आणि केबिनमध्ये बोलावून नव्हे, त्यांच्या यंत्रापाशी जाऊन बोलावे. उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत. 'तुमचे काम चांगले होण्याच्या आड काय येते?' एवढाच प्रश्न विचारावा आणि गप्प राहावे. जे कानावर येईल ते एका वहीत तारखेसह लिहावे, कोणी सांगितले ते लिहू नये. बंद पंखा, गढूळ पाणी, न मिळणारी पगाराची पावती, अशा बारीकसारीक गोष्टी निघतील. त्यांतील ज्या आपल्या हातातल्या आहेत त्या आठवड्यात कराव्या. ज्या नाहीत त्यांचे उत्तर ठरल्या दिवशी द्यावे, मग ते 'नाही' असले तरी. खोट्या आश्वासनापेक्षा खरा नकार माणसाला अधिक सन्मानाचा वाटतो.

चौथी, कान उघडणी करावयाची तर एकांतात, आणि कौतुक करावयाचे तर चारचौघांत. कौतुकही मोघम नसावे. 'शाबास, छान' हे कोणालाही म्हणता येते. 'काल तुम्ही तो वाकडा सांधा वेळीच ओळखला म्हणून पन्नास नग वाचले,' हे ज्याने पाहिले त्यालाच म्हणता येते.

पाचवी, काही काम त्यांच्या स्वाधीन करावे. पाळीतील यंत्रे लहान गटांकडे सोपवावी आणि साफसफाई, क्रम, नव्या मुलाला शिकविणे हे त्यांना आपसांत ठरवू द्यावे. ठेक्याचा व कायम कामगार ह्यांना एकाच गटात, एकाच मापाने वागवावे. पाणी दोन माठांतले आणि नियम दोन प्रकारचे असतील तर एकजूट कोठून येणार?

आणि सहावी, कामचुकाराला पाठीशी घालू नये. विश्वास परत आणावयाचा म्हणजे सर्व काही चालवून घ्यावयाचे असे नव्हे. शेजारचा माणूस रोज टाळाटाळ करतो आणि त्याला कोणी विचारीत नाही, हे पाहून कष्टाळू माणसाचे मन जितके खचते तितके कमी पगारानेही खचत नाही. फक्त आधी स्वतःचे अंगण झाडलेले असावे, म्हणजे दुसऱ्याला बोलण्याचा अधिकार येतो.

हे सर्व एका महिन्यात साधेल असे आम्ही त्यांना सांगितले नाही. विश्वास मोडण्यास एक सही पुरते, जोडण्यास अनेक पगारवार लागतात.

आता हे सदर घरातील सर्व मंडळी वाचतात, म्हणून थोडे घराविषयी. कारखान्यातील अपमान कारखान्याच्या दारात राहत नाही. तो बसमध्ये चढतो, टोंकखुर्दच्या थांब्यावर उतरतो आणि संध्याकाळी जेवणाच्या ताटापाशी येऊन बसतो. मुलावर ओरडणारा बाप पुष्कळदा त्या मुलावर ओरडत नसतो. दिवसभर जे गिळले ते तो बाहेर टाकीत असतो. म्हणून ज्याच्या हाताखाली तीस माणसे आहेत त्याच्या हाती तीस घरांची संध्याकाळ आहे. आणि घरच्या मंडळींनीही, आज काय आणले ह्याच्या आधी, आज दिवस कसा गेला, हे विचारावे. वरिष्ठाने कारखान्यात करावयाचे काम आणि माउलीने घरात करावयाचे काम, पहिल्या पायरीला एकच आहे : दुसऱ्याचे ऐकून घेणे.

दिवाळीनंतर ते गृहस्थ पुन्हा आले. सर्व काही साधले असे नाही. मालकांनी दोनदा परत पाठविले. तिसऱ्या वेळी आकड्यांचा कागद पाहून त्यांनी त्या मुलाच्या बुडालेल्या दिवसांचा पगार मंजूर केला आणि सर्व माणसांची विम्यात नोंद केल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नये असा हुकूम दिला. मुलगा आता भांडारात हलके काम करतो. बोटे काही परत आली नाहीत. पीथमपूरला गेलेले दोघेही परत आले नाहीत. सोमवारचे खाडे कमी झाले आहेत, थांबलेले नाहीत.

"आणि चूक मान्य केलीत?" आम्ही विचारले.

"केली," ते म्हणाले. "पाळी सुरू होण्याच्या आधी सर्वांना थांबविले आणि सांगितले की ती सही मी करावयास नको होती. कोणी काही बोलले नाही. मला वाटले, फुकट गेले. पण जाता जाता एक जुना कारागीर वळला आणि जोरात म्हणाला, 'ते ठीक आहे साहेब, पण त्या प्रेसपुढे जाळी केव्हा बसविणार?' मग दुसरा बोलला, तिसरा बोलला. अर्धा तास नुसते भांडण!"

आणि एवढे सांगून ते हसले. कित्येक महिन्यांनंतर त्यांची माणसे त्यांच्याशी भांडली होती. ज्याच्याकडून काहीच आशा नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही. जाळी पुढच्याच आठवड्यात बसली.